मानेवरचा काळेपणा म्हणजे मळ नाही

महोदय,
त्वचा आणि केसांवरचे लेख हल्ली सगळीकडे असतात पण बहुतेक शेवटी कुठल्यातरी क्रीमवर नाहीतर तेलावर येऊन थांबतात, म्हणून हे पत्र. मानेच्या मागे, काखेत कातडी काळपट, जाडसर होते, हात लावला तर मखमलीसारखी लागते, घरचे त्याला मळ समजतात आणि पोरांना घासून घासून आंघोळ घालतात, बिचारी पोरं. बऱ्याचदा होतं असं की शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, मग रक्तात इन्सुलिन वाढतं आणि त्यामुळे तिथल्या कातडीच्या पेशी भराभर वाढायला लागतात. तिथे स्क्रब काय करणार? आधी शुगर तपासा, वजन जास्त असेल आणि ते उतरलं तर काळेपणाही हळूहळू फिका पडतो.

केसांचं वेगळंच. क्रॅश डाएट केलं की केस लगेच नाही गळत, साधारण दोन-तीन महिन्यांनी गळतात, तोवर डाएट विसरलेलं असतं आणि खापर फुटतं शाम्पूवर. हिमोग्लोबिन नॉर्मल असलं तरी लोहाचा साठा म्हणजे फेरिटिन कमी असू शकतं, थायरॉईडही बघावं लागतं.

आणि केसांसाठी घेतात त्या बायोटिनच्या (एक बी-जीवनसत्त्व) गोळ्या! खरी कमतरता क्वचितच असते, पण मोठ्या डोसमुळे थायरॉईडसारखे रक्ताचे रिपोर्ट चुकू शकतात, अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषध नियामक संस्था) २०१७ मध्येच तसा इशारा दिलाय. गोळी चालू असेल तर तपासणीआधी डॉक्टरांना आणि लॅबला सांगा, एवढं तरी तुमच्या आरोग्य पुरवणीत छापा की.

- एक नियमित वाचक