दादरला भेटू, पण बसू कुठं?

मा. संपादक, स.न.वि.वि.

मी मूळचा सोलापूरचा, चार वर्षं झाली लोअर परळला पीजीत राहतो. शाळेतले आम्ही चौघंजण मुंबईत आहोत, म्हणजे आपलं म्हणायला मुंबईत, एक विरारला, एक बदलापूरला, एक पनवेलला आणि मी. गावाकडं सगळ्यांना वाटतं चौघं एकाच शहरात म्हणजे रोज संध्याकाळी कट्ट्यावर भेटत असतील. कसलं काय, दिवाळीपासून चौघं एकत्र बसलो ते तीनदा.

सेंट्रल आणि वेस्टर्न दोन्ही जिथं मिळतात ते दादर, म्हणून भेटायचं दादरलाच. सुट्टी सगळ्यांना एकच, रविवार, आणि रविवारी मेगाब्लॉक. माटुंगा-मुलुंड ब्लॉक असला की फास्ट गाड्या स्लो ट्रॅकवर टाकतात, बदलापूरवाला रखडत येतो, हार्बर बंद असली तर पनवेलवाला बसनं निघतो आणि वाशीच्या पुलावरून फोन करतो "कुठं हाय बे, मी अजून हितंच". अकराचं ठरलेलं दीडला जमतं. सीएसएमटीहून सोलापूर ४५५ किलोमीटर, वंदे भारत साडेसहा तासांत पोचवते, आणि आमचा अर्धा दिवस दादर गाठण्यातच जातो. पण ब्लॉकवर माझा राग नाही, रुळांची कामं कधीतरी करायलाच पाहिजेत.

राग आहे तो पुढच्या गोष्टीवर. दादरला पोचलो, आता बसायचं कुठं? माझ्या पीजीत बाहेरचं माणूस चालत नाही. विरारवाल्याचं वन आरके, त्यात आईवडील, बायको आणि सहा महिन्यांचं बाळ. कॅफेत दोनशेची कॉफी घ्या आणि कप रिकामा झाला की बिल समोर, माटुंग्याला उडप्याकडं जावं तर रविवारी बाहेर ही लाइन, आत मागचा माणूस आपल्या खुर्चीला हात लावूनच उभा. एका बागेत गेलो तर दुपारी बंद करायची म्हणून वॉचमननं शिट्टी मारून उठवलं. शिवाजी पार्कचा कट्टा आहे, त्याला तोड नाही, पण ऊन आणि पाऊस सोडून.

गेल्या महिन्यात पावसानं कट्टाही गेला, मग सरळ दादरच्या प्लॅटफॉर्मवर बाकडं धरलं. विरारवाल्याच्या आईनं शेंगाचटणी दिली होती, बोर्नव्हिटाच्या बरणीत, वर प्लॅस्टिक लावून दोरा बांधलेला. पेपरचे चार तुकडे केले आणि बाटलीच्या झाकणानं मापून वाटे घातले, झाकण कमी भरलं म्हणून भांडणसुद्धा झालं. बदलापूरवाल्यानं कडक भाकरी मोडली त्याचा आवाज एवढा झाला की शेजारच्या मावशी वळून बघायला लागल्या, मग त्यांनाही चिमूटभर दिली, त्यांचे डोळे पाण्यानं भरले तरी परत मागितली. तेवढ्यात टीसी आला. तिघांकडं पास होता, पनवेलवाल्याचं तिकीट होतं पण ते खिशात लगदा झालेलं, साहेबांनी बघितलं, हसले आणि गेले. नसतं तर आम्ही दहा रुपयांचं प्लॅटफॉर्म तिकीटही काढलं असतं, दोन तास बसायला मिळतंय, एवढ्या स्वस्तात दादरला दुसरीकडं कुठं मिळतंय?

आमच्या बिल्डिंगमधले एक काका कोकणातले, गिरणीत होते. ते सांगतात त्यांच्या गावकीची एक खोली होती, पाळ्या लावून झोपायचे, जागा नव्हतीच, पण रविवारी अख्खं गाव तिथं जमायचं, कुणाचं पत्र आलं, कुणाचं लग्न ठरलं, सगळं कळायचं. १९८२च्या संपानंतर निम्मी माणसं गावी परतली, पुढं खोलीही गेली. आता गिरण्यांच्या जागी टॉवर आहेत, तिथं गेटवरच विचारतात कुणाकडं जायचंय. आम्ही कुणाकडंच नाही हो जायचं, आम्हाला फक्त बसायचंय.

म्हणून पालिकेला विनंती एवढीच की बागा दुपारी उघड्या ठेवा, आणि दादर स्टेशनबाहेर छत असलेली चार-सहा बाकडी टाका. मध्ये लोखंडी दांडे मात्र घालू नका, तसल्या बाकड्यावर चौघं बसले की मधल्या माणसाला चटणी पोचत नाही.

पुढच्या रविवारी परत ठरलंय. बदलापूरवाला त्याच रात्री सिद्धेश्वरनं सोलापूरला चाललाय, गाडी खरं तर त्याला कल्याणला जवळ पडते पण तो म्हणतो दादरलाच चढतो, तेवढाच वेळ मिळतो. रिकामी बरणी त्याच्याकडं देणार आहोत.

— एक सोलापूरकर, लोअर परळ