कल्लणै दाखवतो म्हणून सांगून न दाखवल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : एप्रिलमधील तमिळनाडू सहलीत कल्लणै येथे चुकीचा हंगाम, अपुरा वेळ आणि चुकीची माहिती, अंशतः परतावा व सहलपत्रकात दुरुस्ती मिळणेबाबत.

महोदय,

तुमच्या सहलपत्रकात तिसऱ्या दिवसापुढे छापले आहे : ‘जगातील सर्वांत जुने धरण कल्लणै. कावेरीचा फेसाळता प्रवाह, ऐतिहासिक पुलावरून फेरफटका, मनसोक्त नदीस्नान. वेळ अडीच तास.’ प्रत्यक्षात आम्हा अकरा प्रवाशांना तिथे 35 मिनिटे मिळाली. त्यातला निम्मा वेळ चहात आणि गाडी लावण्यात गेला. प्रवाह नव्हताच. मार्गदर्शकाने सांगितलेल्या प्रमुख चार गोष्टींपैकी तीन चुकीच्या होत्या.

आधी पाण्याचे बोलू. कल्लणैला पाणी येते ते वरच्या मेट्टूर धरणातून. मेट्टूरचे दरवाजे सिंचनासाठी उघडण्याची ठरलेली तारीख 12 जून आणि बंद करण्याची 28 जानेवारी. उघडल्यावर तीन-चार दिवसांत पाणी कल्लणैला पोचते आणि मग तिथले दरवाजे उघडतात. साठा कमी असेल तर तारीख पुढे जाते, भरपूर असेल तर अलीकडे येते. 2022 मध्ये मेट्टूर 24 मे रोजीच उघडले होते. पण फेब्रुवारी ते मे या काळात तिथे कोरडी वाळू आणि मधूनमधून साचलेली डबकी असणार, हे त्या भागातल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारले असते तरी कळले असते. एप्रिलच्या सहलीला ‘फेसाळता प्रवाह’ विकणे म्हणजे वैशाखात धबधब्याचे पैसे घेणे. उन्हाळ्यात जायचेच असेल तर कोरडा तळ दाखवा, पण पत्रकात तसे स्पष्ट लिहा. कोरड्या दिवसांत दरवाज्यांची बैठक, खांबांवरची पाण्याची काळसर रेघ आणि खालची फरसबंदी नीट दिसते. तेही पाहण्यासारखे आहे.

नदीस्नानाचा उल्लेख मात्र ताबडतोब काढा, ही आमची कळकळीची विनंती आहे. दरवाज्यांतून जोराने सुटलेले पाणी फरसबंदी संपते तिथे तळ खरवडून खोल डोह करते. वरून संथ दिसणारे पाणी तिथे उलटे फिरते आणि माणसाला भिंतीकडे ओढते. पोहता येणाराही त्यातून सुटत नाही. पाणी नसते तेव्हा डबक्यांच्या काठाशी शेवाळलेले दगड असतात. म्हणजे दोन्ही हंगामांत आंघोळीला ही जागा नाही. तुमचा मार्गदर्शक दोन ज्येष्ठ प्रवाशांना कठड्याचा आधार नसलेल्या पायऱ्यांवरून खाली घेऊन गेला, तेव्हा त्याला याची काहीच कल्पना नव्हती.

आता माहितीबद्दल. पहिली चूक : ‘हे धरण इंग्रज अधिकारी आर्थर कॉटन याने बांधले.’ परंपरेनुसार कल्लणै चोळ राजा करिकालाचे; काळ साधारण इ. स. दुसरे शतक मानला जातो. तमिळमध्ये ‘कल’ म्हणजे दगड आणि ‘अणै’ म्हणजे बांध. कॉटनचे काम एकोणिसाव्या शतकातले. त्याने या जुन्या बांधाला ‘ग्रँड ॲनिकट’ (म्हणजे मोठा बंधारा) म्हटले, आणि वाळूच्या तळावर पाया कसा घ्यायचा हे आपण इथल्या लोकांकडून शिकलो, असे स्वतः लिहून ठेवले. कावेरीवरचा वरचा बंधारा आणि नंतर गोदावरीवर दवळेश्वरमचा बंधारा त्याने याच धड्यावर उभारला. ज्याने शिष्यत्व मान्य केले, त्यालाच तुमच्या मार्गदर्शकाने गुरू करून टाकले.

पाया हाच या जागेचा प्राण आहे आणि त्यावर एक शब्दही कुणी बोलले नाही. तिथे खडक हाताशी नाही, खोलवर वाळूच आहे. समुद्रावर घोट्याएवढ्या पाण्यात उभे राहिले की परतणाऱ्या लाटेबरोबर टाचेखालची वाळू निसटते आणि पाय रुततो. थोड्या वेळाने तो एका खोलीवर स्थिर होतो. बांधणाऱ्यांनी मोठमोठे दगड वाहत्या पाण्यात तसेच रुतू दिले. प्रवाहानेच भोवतालची वाळू काढली, दगड खाली गेला, टेकला, त्यावर दुसरा. मग वरच्या थरांत न घडवलेले दगड आणि चिकणमाती. असा सुमारे 329 मीटर लांब आणि 5.4 मीटर उंच बांध, तोही सरळ नव्हे, वळणदार. जुन्या बांधाचा बराचसा भाग आज नंतरच्या बांधकामाखाली झाकला गेला आहे, हेही प्रवाशांना आधी सांगायला हवे. नाहीतर लोक लोखंडी दरवाजे पाहून ‘हे कसले 1800 वर्षांपूर्वीचे?’ म्हणत परततात. आमच्यातल्याही काहींनी तेच विचारले आणि उत्तर मिळाले नाही.

दुसरी चूक : ‘हा बांध कावेरी अडवतो.’ कावेरी अडवण्यासाठी तो नाहीच. तिरुचिरापल्लीजवळच्या श्रीरंगम बेटाच्या वरच्या टोकाला नदी दुभंगते : उत्तरेला कोळ्ळिडम, दक्षिणेला कावेरी. बेटाच्या खालच्या टोकाशी दोन्ही पुन्हा जवळ येतात. कोळ्ळिडमचा तळ खोल आणि उतार जास्त, त्यामुळे कावेरीचे पाणी तिकडे निसटून थेट समुद्राला जाई आणि तंजावरची शेते कोरडी राहत. हा बांध त्या निसटण्याच्या वाटेवर घातला आहे. नेहमीचे पाणी कावेरीत राहते आणि पुराचे जास्तीचे पाणी कोळ्ळिडममध्ये जाते. आपल्याकडच्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात बरगे टाकून पाणी साठवतात, तसा साठवणुकीचा हेतू इथे नाही; हेतू वाटपाचा आहे.

हे कळले की पुलावरची फेरी रंगते. पुलावरून चालताना उत्तरेकडून दक्षिणेकडे क्रमाने कोळ्ळिडम, कावेरी, वेण्णार (कावेरीचीच एक शाखा) आणि 1934 मध्ये मेट्टूरबरोबर झालेला ग्रँड ॲनिकट कालवा अशी चार तोंडे लागतात. कोळ्ळिडमचे दरवाजे बंद आणि बाकी तिन्हींना पाणी असेल तर सिंचन चालू आहे. कोळ्ळिडमही सुटले असेल तर वर पूर आहे. एवढे दोन वाक्यांत सांगितले तरी प्रवासी स्वतः दरवाजे वाचू लागतो. तुमची गाडी एका टोकाला थांबली आणि तिथूनच परत फिरली, त्यामुळे चारपैकी एकच तोंड दिसले. चारही नीट पाहायला थांबत-थांबत दीड तास लागतो.

तिसरी चूक सर्वांत गंभीर. ‘2018 मध्ये याचेच नऊ दरवाजे वाहून गेले, आता जुने काही उरले नाही,’ असे सांगण्यात आले. 22 ऑगस्ट 2018 रोजी जे कोसळले ते मुक्कोंबूचे, म्हणजे बेटाच्या वरच्या टोकाशी कॉटनच्या काळात बांधलेल्या बंधाऱ्याच्या कोळ्ळिडम बाजूचे नऊ दरवाजे. मुक्कोंबू तिरुचिरापल्लीच्या पश्चिमेला, कल्लणै पूर्वेला. दोन्हींची गल्लत झाल्यामुळे उभ्या असलेल्या वास्तूला पडलेली ठरवले गेले.

‘जगातील सर्वांत जुने धरण’ हेही बदला. इजिप्तमधले साद अल-काफरा आणि जॉर्डनमधले जावा ही धरणे कितीतरी शतके आधीची आहेत. ‘आजही वापरात असलेल्या सर्वांत जुन्या बंधाऱ्यांपैकी एक’ हे खरे आहे आणि तेवढे पुरेसे मोठे आहे.

आमच्या मागण्या. तिसऱ्या दिवसाच्या खर्चाची निम्मी रक्कम प्रत्येक प्रवाशाला परत करावी. पुढचे पत्रक छापण्यापूर्वी हंगाम, वेळ आणि नदीस्नान यांबाबतचा मजकूर बदलावा. फेब्रुवारी ते मेच्या सहलींत ‘नदी कोरडी असण्याची शक्यता’ असे मोठ्या अक्षरांत लिहावे. तिरुचिरापल्लीहून तंजावरला जाताना कल्लणै सकाळी लवकर घ्यावे, गाडी एका टोकाला सोडून दुसऱ्या टोकाला बोलवावी आणि प्रवाशांनी मधले अंतर चालावे. मार्गदर्शकासाठी चार तोंडांच्या नकाशासह एका पानाचे टिपण आम्ही विनामूल्य लिहून देऊ.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जावे लागेल. सहलपत्रक, पावत्या आणि पुलाच्या टोकाशी काढलेल्या छायाचित्रांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. छायाचित्रांवर वेळेची नोंद आहे.

आपले,
एप्रिलच्या तमिळनाडू सहलीतील अकरा प्रवासी