ओजेटीचे १२० तास कोण मोजतंय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परवाच्या शिक्षण पुरवणीतला लेख वाचला, काल दिवसभर तोच डोक्यात होता म्हणून आज ऑफिस उघडायच्या आधी हे टाइप करतोय. कॉमर्सच्या पोरांना काम येत नाही, शिकतानाच त्यांच्या हाताला वळण लागलं पाहिजे, उद्योगांनी पुढं यावं, असं त्यात म्हटलंय. मुद्दा बरोबर आहे. पण लेखात बोललेत सगळे मोठे लोक, माजी कुलगुरू, एचआरवाले, उद्योजक. ही पोरं खरं तर ज्यांच्या टेबलाशेजारी येऊन बसतात त्या आमच्यासारख्या छोट्या ऑफिसवाल्यांना कुणी विचारलं नाही, आणि पोरांना तर नाहीच नाही.

मी सांगलीत कर सल्लागार आहे. मार्केट यार्डातल्या हळद-बेदाण्याच्या पेढ्या, थोडे हार्डवेअरवाले, दोन-चार ट्रान्सपोर्टवाले असं काम, ऑफिसात आम्ही चौघं. नव्या शैक्षणिक धोरणात एम.कॉम.च्या पहिल्या वर्षाला ओजेटी आलं, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या जागी बसून शिकणं, ४ क्रेडिट म्हणजे १२० तास, तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. आणि हे काही परक्याचं नाही हो, कर्मवीर अण्णांचं ऐतवडे बुद्रुक आपल्याच जिल्ह्यातलं, काम करत शिकायचं हे या मातीला नवीन नाही. पण गेली तीन वर्षं जानेवारी-फेब्रुवारीत पोरं येतात आणि दहातली आठ दारातच विचारतात, "सर, ओजेटीचं सर्टिफिकेट मिळेल का?" काम मिळेल का असं कुणी विचारत नाही. पोरांवर माझा राग नाही, त्यांना वरच्या वर्गातल्यांनी सांगितलेलंच असतं की सही-शिक्का आणला की झालं.

यंदाचं सांगतो, कारण ते अजून मनातून जात नाहीये. फेब्रुवारीत एकाच वर्गातले दोघं आले, एक मुलगा, एक मुलगी. मुलगा अकरा दिवस आला, चांगला हुशार होता, मग म्हणाला सर फॉर्मवर आधीच सही द्या, मी म्हटलं तास पुरे झाल्यावर देतो, तर बाराव्या दिवसापासून बंद. नंतर कळलं की त्याला दुसरीकडून एका दुपारीत १२० तासांचं सर्टिफिकेट मिळालं.

मुलगी राहिली. मिरजेच्या पलीकडच्या गावाहून यायची, एसटीचा पास गाव ते कॉलेज एवढाच, म्हणून कॉलेजच्या स्टॉपवर उतरून पुढं ऑफिसपर्यंत चालत यायची. पहिला आठवडा मी तिला फक्त बिलं लावायला दिली, खरेदीची वेगळी, खर्चाची वेगळी, तारखेवार. हे कंटाळवाणं काम आहे मला माहितीये, पण बिलं लावता लावताच बिल वाचता येतं, माल कुणाचा, भाडं कुणी भरलं, पार्टीचा जीएसटी नंबर बरोबर आहे का. १४ तारखेला जीएसटीआर-२बी पडतो, म्हणजे माल देणाऱ्यांनी आपल्या नंबरवर चढवलेल्या बिलांची पोर्टलवरची यादी, तो मी तिला एका पेढीच्या खरेदीशी जुळवायला दिला. संध्याकाळी म्हणाली सर एक बिल यात दिसतच नाही, पॅकिंगच्या प्लास्टिक पिशव्यांचं, १,३०,००० चं, त्यावर टॅक्स २३,४००. आता २०२२ पासून नियम असा आहे की २बी मध्ये बिल दिसलं नाही तर त्याचं क्रेडिट घेता येत नाही, खरेदीवर दिलेला टॅक्स आपल्या करातून वजा करता येत नाही, म्हणजे टॅक्स पेढीनं दिलेला असूनसुद्धा २३,४०० अडकले.

मी म्हटलं फोन कर त्या पिशव्यावाल्यांना. पहिल्या फोनला तिचा आवाज कापत होता. पलीकडचा अकाउंटंट खेकसला, आम्ही भरलंय, तुमचं तुम्ही बघा, आणि ठेवून दिला. तिच्या डोळ्यात पाणी आलं. मी काही बोललो नाही. दहा मिनिटांनी तिनं स्वतःच परत फोन लावला आणि एवढंच विचारलं, "भरलंय ते कुठल्या जीएसटी नंबरवर, तेवढा नंबर वाचून दाखवता का?" त्यानं वाचला आणि सगळं उघडं पडलं, साधारण त्याच नावाची दुसरी एक पेढी त्यांची गिऱ्हाईक होती, बिल तिच्या नंबरवर चढलं होतं. पुढच्या महिन्याच्या जीएसटीआर-१ मध्ये, म्हणजे विक्रीच्या रिटर्नमध्ये, त्यांनी दुरुस्ती केली, क्रेडिट आलं. पेढीचे मालक सत्तरीच्या पुढचे, मुद्दाम ऑफिसात येऊन तिला म्हणाले, बाळ, हे आमच्या लक्षातसुद्धा आलं नसतं.

आणि ओजेटीला तिला १०० पैकी ५५ मार्क पडले. व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, विचारलं की रिपोर्टमध्ये कंपनी प्रोफाइल कुठाय, स्वॉट अॅनालिसिस कुठाय, ऑर्गनायझेशन चार्ट का नाही. चार माणसांच्या ऑफिसचा कसला चार्ट काढायचा? २बी बद्दल एक प्रश्न नाही. त्या मुलाला ८८. त्याचा रिपोर्ट तिनं मला मोबाइलवर दाखवला, त्यात जीएसटीचे ५, १२, १८, २८ असे चार स्लॅब छापलेत, जे २२ सप्टेंबर २०२५ लाच बदलले. अकरा दिवस माझ्या ऑफिसात बसला होता, तेवढ्यातही हे कळतं, पण रिपोर्ट त्याचा नव्हताच, कुणाचा तरी जुना उतरवलेला होता. ज्यानं तपासला त्याला ते दिसू नये याचं मला फार वाईट वाटलं.

मी तिच्या मूल्यमापनाच्या फॉर्मवर पानभर लिहून दिलं होतं, खाली माझा मोबाइल नंबरही. कॉलेजातून एक फोन नाही. तीन वर्षांत एकही प्राध्यापक बघायला आलेला नाही की आपली मुलं काय करतायत. कॉलेजला दोनदा पत्र लिहिलं, उत्तर नाही. यात प्राध्यापकांचीही अडचण मला दिसते, सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, राबणाऱ्या माणसाच्या गळ्यात चाळीस-चाळीस पोरं बांधायची आणि गावभर फिरायला दमडी द्यायची नाही, तो तरी कुठं कुठं जाणार. पण मग एक फोन तरी? पाच मिनिटांचा?

मी १९९४ ला बी.कॉम. होऊन एका जुन्या विक्रीकर वकिलांकडं बसलो. वर्षभर नुसती रोजकीर्द आणि खतावणी. एकदा ट्रायल बॅलन्सच्या दोन्ही बाजू ६३ रुपयांनी जुळेनात, दोन दिवस मी डोकं आपटत होतो, तेव्हा ते म्हणाले फरकाला नऊनं भाग जातोय बघ, आकडे उलटे पडले असतील. सापडलं, ८१ चे १८ लिहिले होते. हे मला पाच वर्षांच्या शिक्षणात कुणी सांगितलं नव्हतं. त्यानंतर विक्रीकर गेला, २००५ ला व्हॅट आला, २०१७ ला जीएसटी, तिन्ही कर मी शेजारी बसूनच शिकलो. सीएच्या पोरांना आजही दोन वर्षं आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखाली उमेदवारी, आहे, पूर्वी तीन होती. आणि एम.कॉम.ला १२० तास, म्हणजे आठ तासांनी धरले तर पंधरा दिवस. तेवढे तरी खरे होऊ देत ना.

माझं एवढंच म्हणणं आहे की हे तास परीक्षेच्या तोंडावर एकदम कोंबू नका. आठवड्याला दोन दुपार, चार-चार तास, म्हणजे पंधरा आठवड्यांत १२० होतात. त्यात पोराला सलग तीन महिने पूर्ण बघायला मिळतात, ७ ला टीडीएस भरायचा, ११ ला जीएसटीआर-१, १४ ला २बी, २० ला ३बी म्हणजे कर भरायचं रिटर्न, पार्टी बिलं उशिरा कशी आणते, शेवटच्या दिवशी पोर्टल कसं अडतं. हे एका पंधरवड्यात दिसत नाही. आणि ज्यानं काम करून घेतलं त्याच्या मताला निम्मे तरी मार्क ठेवा.

एक अजून, राग मानू नका. ज्या पुरवणीत तो लेख होता तिच्याच शेवटच्या पानावर तीन महिन्यांच्या कोर्सची १०० टक्के जॉब गॅरंटीची पानभर जाहिरात आहे. माझ्या एका ट्रान्सपोर्टवाल्या पार्टीच्या ड्रायव्हरनं पोरासाठी असल्याच एका कोर्सला ४५,००० भरले, कर्ज काढून, आणि पोरगं आज घरी आहे. लोक तुमच्या पेपरात छापलंय म्हणून विश्वास ठेवतात हो. जाहिरात घेण्याआधी गॅरंटी म्हणजे काय एवढं तरी विचारत जा.

पत्र लांबलं. जागेसाठी कापायचं असेल तर माझा १९९४ चा भाग कापा, पण तिच्या मार्कांचा भाग तसाच ठेवा. तिनं मला पेढे आणून दिले तेव्हा मार्क सांगितले नव्हते, मी विचारल्यावर सांगितले.

आपला,
एक कर सल्लागार, सांगली
(मुलीची ओळख पटू नये म्हणून माझं नाव छापू नये ही विनंती)