दोष घोट्याचा नव्हता

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परदेशी क्लबांत खेळताना दुखापतींमुळे मागे पडलेल्या फुटबॉलपटूंवरील लेख आपल्या रविवारच्या क्रीडा पानावर वाचला. त्यात नेदरलँड्सचा आघाडीचा खेळाडू मार्को व्हॅन बास्टेन याची बोळवण ‘ठिसूळ घोट्याचा गुणी खेळाडू’ एवढ्या एका ओळीत केली आहे. शाळेच्या मैदानावर शिट्टी वाजवण्यात उमेदीची वर्षे गेलेल्या माझ्यासारख्याला ती ओळ खटकली, म्हणून हे पत्र.

त्याचा घोटा मुळात ठिसूळ नव्हता. डिसेंबर १९८६ मध्ये आयाक्स या डच क्लबकडून ग्रोनिंगनविरुद्ध खेळताना चेंडू हिसकावण्यासाठी त्याने स्वतःच पाय घातला (हे काम खरे तर बचावपटूचे) आणि घोटा दुखावला. तेव्हा हवी होती ती विश्रांती. पण हंगाम चालूच राहिला, तोही खेळत राहिला आणि मे १९८७ मध्ये अथेन्सला झालेल्या युरोपीय चषक विजेत्यांच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यातला एकमेव गोल त्यानेच केला. त्याच उन्हाळ्यात तो इटलीत एसी मिलानकडे गेला आणि तिथल्या पहिल्या हंगामात घोट्यामुळे त्याला लीगचे अवघे ११ सामने खेळता आले.

तरीही जून १९८८ च्या युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेत याच पायांनी त्याने नेदरलँड्सकडून इंग्लंडविरुद्ध तीन गोल केले, उपांत्य सामन्यात पश्चिम जर्मनीला अखेरच्या मिनिटांत हरवले आणि म्युनिकच्या ऑलिंपिक स्टेडियमवर सोव्हिएत संघाविरुद्धच्या अंतिम सामन्यात, सहकारी म्युरेनने दिलेला उंच चेंडू जमिनीवर पडू न देता, उजव्या बाजूच्या अगदी अरुंद कोनातून जाळ्यात मारला. तो गोल ज्याने पाहिला आहे, त्याला ‘गुणी’ हा शब्द किती तोकडा आहे हे मी सांगायला नको. मिलानसाठी लीगच्या १४७ सामन्यांत ९० गोल आणि युरोपातील सर्वोत्तम खेळाडूचा बहुमान तीनदा, ही ठिसूळ माणसाची कमाई नव्हे. नोव्हेंबर १९९२ मध्ये गोथेनबर्गविरुद्ध त्याने एकाच सामन्यात चार गोल केले आणि महिनाभरात पुन्हा शस्त्रक्रियेच्या टेबलावर गेला. २६ मे १९९३ रोजी म्युनिकच्या त्याच स्टेडियमवर मार्सेयविरुद्ध तो मिलानसाठी अखेरचा खेळला, तेव्हा तो २८ वर्षांचा होता. पुढची दोन वर्षे वाट पाहण्यात गेली आणि ऑगस्ट १९९५ मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली. त्याच्यासारख्या आघाडीच्या खेळाडूंवर मागून येऊन पाय घालणाऱ्यांना मैदानाबाहेर काढण्याची सक्त ताकीद फिफाने पंचांना दिली ती १९९४ च्या विश्वचषकात. त्याच्या कामी ती यायची नव्हती.

हे सारे मी इतक्या पोटतिडकीने लिहितो, कारण दुखावलेल्या पायाने खेळाडूला खेळवण्याचा हा दोष माझ्याही पदरी आहे. आमच्याकडे सड्यावरची मैदाने जांभ्याची, पावसाळ्यात निसरडी आणि उन्हाळ्यात दगडासारखी. पाय मुरगळणे नेहमीचेच. एका तालुकास्तरीय अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी आमच्या आघाडीच्या मुलाचा घोटा सुजला होता. त्याच्या आईने आंबेहळदीचा लेप लावून त्याला घरी निजवले होते. मी त्याला उठवून आणला, घट्ट पट्टी बांधली आणि उतरवला. त्याने गोल केला, आम्ही जिंकलो. पुढे गोव्यातल्या एका क्लबच्या निवड चाचणीला तो गेला आणि पहिल्याच दिवशी लंगडत परतला. हल्ली तो मासेमारीच्या होडीवर असतो. मागच्या महिन्यात बंदरावर भेटला तेव्हा म्हणाला, “सर, पावसात अजून दुखता.” मी काहीच बोललो नाही.

तेव्हा विनंती एवढीच, की पुढच्या वेळी एखाद्या खेळाडूला दुखापतग्रस्त म्हणताना दुखापत कधी झाली याच्या जोडीला, त्याला कितव्या दिवशी परत मैदानात उतरवले आणि कोणी उतरवले, हेही छापावे.

आपला नम्र,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक,
वेंगुर्ले