वासा पाहून आलो, विन्या

स्टॉकहोम

प्रिय विन्या,

सप्रेम नमस्कार.

निघताना तू बजावलं होतंस, पाहिलेल्या ठिकाणांची यादी पाठवू नकोस, मनात घर करेल तेवढंच लिही. तेव्हा बाकीचं थोडक्यात उरकतो. इथलं जुनं गाव, गाम्ला स्तान, एका बेटावर वसलेलं आहे. त्यातली एक गल्ली इतकी चिंचोळी की एका जागी रुंदी जेमतेम 90 सेंटीमीटर. मधल्या चौकात नोव्हेंबर 1520 मध्ये डेन्मार्कच्या राजाने ऐंशीच्या वर सरदार, धर्मगुरू आणि नागरिकांची मुंडकी उडवली. आज त्याच चौकात नोबेल पारितोषिकाचं संग्रहालय आहे आणि तिथे अमर्त्य सेन यांची सायकल ठेवली आहे. शांतिनिकेतनच्या आसपासच्या खेड्यांत अभ्यासासाठी ते हिंडले ती हीच. सायकलपाशी बराच वेळ थांबलो.

पण खरं लिहायचं आहे ते वासा या जुन्या स्वीडिश युद्धनौकेबद्दल.

10 ऑगस्ट 1628. शिवनेरीवर महाराजांचा जन्म व्हायला अजून दीड वर्ष होतं. स्वीडनचा राजा दुसरा गुस्ताव अडॉल्फ याची पोलंडशी लढाई चालली होती आणि त्याला आपल्या आरमारात धाक बसवणारं जहाज हवं होतं. 64 तोफा, दोन तोफमजले, शेकडो कोरीव पुतळे. ते जहाज त्या दिवशी पहिल्या सफरीला निघालं. वारा फारसा नव्हता. दहापैकी चारच शिडं उभारली होती. वाऱ्याचा एक झोत आला, जहाज कललं, सावरलं. दुसऱ्या झोताला इतकं कललं की खालच्या मजल्यावरच्या तोफांच्या उघड्या खिडक्यांतून पाणी आत शिरलं. किनाऱ्यावर निरोप द्यायला गर्दी जमली होती. तिच्या डोळ्यांदेखत जहाज बुडालं. जेमतेम 1300 मीटर अंतर कापलं होतं. तीसेक माणसं गेली.

आता यातलं मला सगळ्यात लागलेलं ऐक. सफरीआधी जहाजाचा तोल तपासला होता. धक्क्याला बांधलेल्या जहाजावर तीस माणसांना एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत धावायला लावलं. तिसऱ्या फेरीला जहाज इतकं हेलकावायला लागलं की ॲडमिरल फ्लेमिंगने चाचणीच थांबवली. राजा दूर प्रशियात, तिथून घाईची पत्रं पाठवतोय. जहाज बांधणारा मुख्य डच कारागीर आदल्या वर्षीच वारलेला. आणि धक्क्यावर उभ्या असलेल्या जाणत्या माणसांना दिसतंय की हे जहाज टिकायचं नाही. तरी कोणी ते अडवलं नाही. लोक राजाला दोष देतात, तोही आहेच. पण माझा राग त्या धक्क्यावर उभं राहून गप्प बसलेल्यांवर जास्त आहे. चौकशी झाली, कप्तानाला पकडून विचारलं, कारागिरांना विचारलं, आणि शेवटी शिक्षा कोणालाच झाली नाही. मापं राजानेच मंजूर केली होती, मग कोणाला धरणार?

वासाचं संग्रहालय युरगोर्डन बेटावर आहे, जहाज बुडालं त्या जागेपासून फार लांब नाही. आत शिरलास की आधी अंधार. लाकडाला जपायचं म्हणून दिवे मंद, हवा गार आणि सारखी. मग डोळे सरावतात आणि समोर अख्खं जहाज उभं राहतं. पुढच्या डोलकाठीच्या टोकापासून मोजलं तर 69 मीटर लांब, 52 मीटरहून उंच. तुकडे जोडून रचलेला सांगाडा नव्हे हा, जवळपास 98 टक्के मूळचंच लाकूड आहे. पुढच्या बाजूचे रोमन सम्राट, मागच्या बाजूचे सिंह आणि जलपऱ्या मान वर करकरून पाहाव्या लागतात. बाजूला प्रतिकृतीवर त्यांचे मूळचे भडक रंग दाखवलेत, ते बघून तर तू हरखून गेला असतास.

ते टिकलं कसं, हे तुला आवडेल. लाकूड पोखरणारा सागरी किडा बाल्टिकच्या कमी खारट पाण्यात जगत नाही. अँडर्स फ्रान्सेन नावाच्या माणसाला हे कळलं होतं, म्हणून तो जुनी कागदपत्रं चाळून बंदराचा तळ वर्षानुवर्षं धुंडाळत राहिला. गाळात टोचून लाकडाचा नमुना वर आणणारं हत्यार त्याने स्वतःच बनवलं होतं. 1956 मध्ये त्याच्या टोकाला काळं पडलेलं ओकचं लाकूड लागून आलं. मग पाणबुड्यांनी तीसेक मीटर खोल, मिट्ट काळोखात, जहाजाच्या पोटाखालून सहा बोगदे खणले, पोलादी दोर ओवले, आणि 24 एप्रिल 1961 ला जहाज पाण्याबाहेर आलं. लाकूड सुकून चिरफळू नये म्हणून पुढची सतरा वर्षं त्यावर रसायनाचा फवारा चालू होता. अजूनही काम संपलेलं नाही. लोखंडी बोल्ट गंजून लाकडाला खात होते, म्हणून पाच हजारांहून जास्त बोल्ट बदलले. आता खालचा आधाराचा सांगाडा नवा करायला घेतलाय.

जहाजावर सापडलेल्या मापपट्ट्याही मांडल्यात. काही स्वीडिश फुटांच्या, काही ॲमस्टरडॅमच्या, आणि या दोन फुटांची लांबी वेगवेगळी. डावी-उजवी बाजू सारखी नाही, त्यामागे हेही असावं असं म्हणतात. खालच्या दालनात माणसांचे सांगाडे आहेत, कवट्यांवरून घडवलेले चेहरे आहेत. त्यातल्या एकाला पूर्वी पुरुष समजत होते. 2023 मध्ये डीएनए तपासणीत ती बाई निघाली. नवऱ्याला सोबत म्हणून पहिल्या टप्प्यापुरती आलेली एखादी खलाशाची बायको असेल. तिच्यापुढून पाय निघेना.

दुसऱ्या दिवशी राजवाड्याच्या तळघरातलं शस्त्रागार-संग्रहालय पाहिलं. ते याच राजाने, त्याच 1628 साली सुरू केलं. पोलंडच्या मोहिमेत जखमी झाला तेव्हाचे आपले रक्ताळलेले कपडे कायम जपून ठेवा, असा त्याचा हुकूम होता. चार वर्षांनी लुत्सेनच्या लढाईत तो पडला, तेव्हा अंगावर असलेला कातडी अंगरखाही तिथे आहे, आणि तो ज्यावर बसला होता तो घोडा स्ट्राइफ, पेंढा भरून. तो अंगरखा शत्रूने व्हिएन्नाला नेला होता, 1920 मध्ये ऑस्ट्रियाने परत दिला. राजाने आपल्या जखमा जपायला सांगितल्या आणि लोकांनी त्याचं अपयशही तितक्याच निगुतीने जपलं. राजधानीत सगळ्यात मोठी रांग त्या बुडालेल्या जहाजासाठी लागते, हे मला फार मोठं वाटलं.

मनात सारखी गिर्याची गोदी येत होती. मराठा आरमाराची, विजयदुर्गाजवळची, खडकात कोरलेली, आपण ओहोटीला उतरून पाहिली ती. तिथे गुराबांसारखी मोठी लढाऊ जहाजं दुरुस्त होत असतील, गलबतं बांधली जात असतील. आपला समुद्र उबदार आणि खारट, लाकूड त्यात राहणं कठीण. पण वाघोटनच्या खाडीचा गाळ काही कमी नाही. गाळात खोल रुतलेल्या लाकडापर्यंत किडा पोचत नाही, असं इथे वाचलं. तिथे कधी कोणी नीट शोध घेतलाय का, हे तुझ्या त्या इतिहास मंडळातल्या लोकांना विचारशील? तू त्या वेळी गोदीची मापं वहीत उतरवून घेतली होतीस. ती शोधून ठेव. वासाच्या बांधणीचे आराखडे असलेलं एक जाडजूड पुस्तक तुझ्यासाठी घेतलंय. पाऊस सरला की गिर्याला जाऊ, या वेळी दोन दिवस हाताशी ठेवून.

काकूंना नमस्कार, वहिनींना आणि मुलांना आठवण सांग.

तुझा,
सुध्या