रविवारची पक्षीफेरी: वेळ बदलली आहे

मंडळी, येत्या रविवारी सातला नाही, सव्वासहाला भेटायचं. सीवूड्स स्टेशनबाहेर, तिकीट खिडकीपाशी. तिथून डीपीएस शाळेमागचा तलाव. भरती लवकर आहे, आणि खाडीतला चिखल पाण्याखाली गेला की फ्लेमिंगो अशा तलावांवरच टेकतात. परतीला हार्बर रेल्वेचा मेगाब्लॉक (दुरुस्तीसाठी गाड्या बंद) आडवा येतो, म्हणून १०ला आटोपू.

या वेळी नुसती संख्या पुरणार नाही. नवी मुंबई विमानतळासाठी उलवे टेकडी सपाट झाली, उलवे नदीचं पात्र वळवलं, खारफुटी गेली. जागा तब्बल ११६० हेक्टर. उरलेली पाणथळं बुजली तर हे थवे विमानांच्या वाटेत भरकटतील. मे २०२४ मध्ये घाटकोपरला विमानाच्या धडकेने ३९च्या आसपास फ्लेमिंगो मेले, विसरला नसालच. म्हणून एवढं टिपा:

– थवा किती वाजता, कुठून आला, कुठे गेला
– भरतीचं पाणी तलावात शिरतंय का
– भराव किंवा राडारोडा दिसला तर फोटो, वेळेसकट

ड्रोन आणू नका, भडक कपडे नकोत. दुर्बीण हवी असेल त्यांनी शुक्रवारपर्यंत कळवा. गेल्या फेरीतली एक अजून परत आलेली नाही. कोणाकडे आहे ते मला ठाऊक आहे.