साहेब, आमची अक्षरं फोटोत का कोंडताय? राजभाषा मंत्र्यांना खुलं पत्र

मा. राजभाषा मंत्री,
गोवा सरकार, पर्वरी.

साहेब, नमस्कार.

मी म्हापशाला डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर मजकूर टाइप करून छपाईला तयार करायचं, छोटं दुकान चालवते, १९९३ पासून. जत्रेतल्या नाटकांची हँडबिलं, लग्नपत्रिका, देवस्थानच्या स्मरणिका, पंचायतीच्या नोटिसा, बाराव्याची कार्डं, सगळं या हातांनी टाइप केलंय. निवडणुकीत तुमचीही पत्रकं केलीत आणि समोरच्याचीही, एकाच दिवशी, एकाच फॉन्टमध्ये. त्यामुळे मी कुठल्या बाजूची वगैरे शोधत बसू नका, माझी बाजू फक्त काना-मात्रा-वेलांटीची आहे.

झालं असं की गेल्या महिन्यात एक आजोबा दुकानात आले. कुठल्याशा खात्याने एका योजनेची यादी वेबसाइटवर टाकली होती (खात्याचं नाव लिहीत नाही, कारकुनाला उगाच ओरडा बसेल), आणि त्यांना आपलं नाव त्यात आहे की नाही एवढंच बघायचं होतं. पीडीएफ उघडली. १४ पानं. मी सवयीने कंट्रोल-एफ दाबलं, आडनाव टाकलं, काही नाही. गावाचं नाव टाकलं, काही नाही. मग नीट बघितलं तर तो सगळा फोटो! कोणीतरी कॉम्प्युटरवर छान टाइप केलं, प्रिंट काढलं, साहेबांची सही घेतली, शिक्का मारला आणि मग तो कागद स्कॅनरवर तिरका ठेवून पुन्हा कॉम्प्युटरात घातला. पान ११ तर उलटं होतं. मी मान वाकडी करून १४ पानं बोट फिरवत वाचली, आजोबांचं नाव बाराव्या पानावर सापडलं, शिक्क्याच्या खाली अर्धं झाकलेलं.

आता यात काय मोठंसं, असं तुम्ही म्हणाल. पण मी याच धंद्यातली आहे ना, मला हे बघून अंगावर काटा येतो. माझे बाबा खिळे जुळवायचे. शिशाचे खिळे, प्रत्येक अक्षर उलटं, समोर मोठमोठ्या केसी, त्यात शेकडो खाने, कारण देवनागरीत नुसता क असून भागत नाही, अर्धा क लागतो, क्त लागतो, क्ष लागतो, रफार वेगळा, खालचा उकार वेगळा. बाबांना डोळे मिटूनही कुठल्या खान्यात श्र आहे ते कळायचं. त्यांची बोटं कायम काळी, जेवताना आई ओरडायची.

आणि हा त्रास काय आजचा नाही. भारतातला पहिला छापखाना आपल्या गोव्यात आला, १५५६ साली, तोही खरं तर ॲबिसिनियाला (आजच्या इथिओपियाला) निघालेला, इथेच राहिला. पण त्यावर देवनागरी काही छापून निघाली नाही. गोव्यात आलेले इंग्रज पाद्री फादर स्टीफन्स, त्यांनी १६०८ मध्ये रोमला आपल्या वरिष्ठांना पत्र लिहिलं, की इथल्या भाषेत, इथल्या लिपीत पुस्तकं छापावीत अशी कित्येक वर्षांची इच्छा आहे पण जमत नाही, एक कारण म्हणजे सुमारे ६०० साचे पाडावे लागतील, युरोपात कसे २४ अक्षरांवर भागतं. शेवटी त्यांचं क्रिस्तपुराण १६१६ साली राशोलला छापलं गेलं ते रोमी लिपीत. मराठी ओव्या, अक्षरं परकी. म्हणजे बघा साहेब, अक्षरांच्या या भानगडीबद्दल गोव्यातून वर पत्र लिहायची रीत चारशे वर्षांची आहे, मी काही पहिली नाही.

बाबांचा छापखाना बंद पडला आणि मी पेजमेकर, म्हणजे कॉम्प्युटरवर पान लावायचं सॉफ्टवेअर, शिकले. ते पेजमेकर १९८५ चं. त्याच वर्षी ॲपलचा लेझरप्रिंटर आला, त्यात ॲडोबीची पोस्टस्क्रिप्ट नावाची भाषा होती, जी प्रिंटरला सांगते की ही रेघ इथून इथवर ओढ, हे अक्षर या मापाचं काढ. या तिघांनी मिळून जगभरातल्या खिळ्यांच्या केसी भंगारात पाठवल्या. आपल्याकडे यायला थोडी वर्षं लागली एवढंच. बाबा पहिल्यांदा दुकानात आले, स्क्रीनवर मी अक्षर मोठं-लहान करून दाखवलं, ते बराच वेळ काही बोललेच नाहीत, मग म्हणाले, "शाई खंय गो?" (शाई कुठे गं?)

पण इथेच ती गडबड झाली, जी आज तुम्हाला निस्तरायचीय. पेजमेकरला फक्त इंग्रजी कळत होतं, एका फॉन्टमध्ये जास्तीत जास्त २५६ जागा. मग आपल्या लोकांनी जुगाड केलं. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठीचे तुकडे बसवले, इथे अर्धा त, तिथे वेलांटी, पलीकडे रफार. स्क्रीनवर दिसायचं मराठी, कागदावर उमटायचं मराठी, पण कॉम्प्युटरच्या पोटात मात्र इंग्रजी अक्षरांची खिचडी. श्रीलिपी म्हणा, आकृती म्हणा, कृतिदेव म्हणा, प्रत्येकाची मांडणी वेगळी. मी त्यांना नावं ठेवत नाही हं, त्यांच्यावरच माझं घर चाललं, मुलीचं शिक्षण झालं. तेव्हा दुसरा इलाजच नव्हता, निदान आमच्या दुकानात नव्हता.

तसा पुण्यात होता. सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचं जिस्ट कार्ड होतं, कॉम्प्युटरात बसवलं की भारतीय लिप्या चालायच्या, आणि इस्की नावाचं भारतीय प्रमाण होतं, १९९१ मध्ये भारतीय मानक ब्युरोने मान्यही केलेलं. त्यात डोकं असं लावलं होतं की अक्षराचा आकार साठवायचाच नाही, अक्षर साठवायचं. म्हणजे 'कि' लिहिताना वेलांटी डोळ्याला आधी दिसते पण आपण बोलतो क आधी, तर फाइलमध्ये क आधी आणि वेलांटी नंतर, मग ती डावीकडे नेऊन बसवायचं काम मशीनचं. जुगाडू फॉन्टमध्ये उलट, वेलांटी आधी दाबायची, खिळे जुळवतात तसं. मग युनिकोड आलं, म्हणजे जगातल्या लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला एकच ठरलेला नंबर, आणि त्याने देवनागरी घेतली ती इस्कीच्याच धर्तीवर. विंडोज २००० मध्ये मंगल फॉन्ट आला, तो काढला आपल्या र. कृ. जोशींनी, मराठी कवी आणि सुलेखनकार. 'ॲ' हे अक्षर तर युनिकोडात २००८ ला आलं, तोवर 'ॲप' लिहायला आम्ही काय काय कसरती केल्यात ते आम्हालाच ठाऊक. आणि २००९ मध्ये केंद्र सरकारने ई-गव्हर्नन्ससाठी युनिकोडच वापरायचं असं जाहीर केलं. इतकी वर्षं झाली साहेब, तरी माझ्याकडे सरकारी मजकूर येतो तो अजून जुन्या फॉन्टमध्ये, आणि वर सांगतात, "बाई, फॉन्ट पण पाठवलाय."

माझा भाचा गणितात पीएचडी करतोय, त्याने मला मध्यंतरी वेगळंच जग दाखवलं. तो वर्ड वापरत नाही, लाटेक वापरतो. साध्या टेक्स्टमध्ये लिहायचं, हे शीर्षक, हा परिच्छेद, हे सूत्र, अशा खुणा करायच्या आणि पान मशीन लावतं. मी म्हटलं हे काय मागे जाणं, पण त्याने त्याची गोष्ट सांगितली. डोनाल्ड कनुथ नावाचे प्राध्यापक, १९७७ मध्ये त्यांच्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची प्रूफं आली, खिळ्यांऐवजी फोटोटाइपसेटिंगवर केलेली, आणि ती इतकी भिकार दिसली की त्यांनी स्वतःच टाइपसेटिंगचा प्रोग्राम लिहायला घेतला. वर्षभरात उरकेल म्हणाले, लागली दहाएक वर्षं. तो टेक. लेस्ली लॅम्पोर्टने पुढे त्याच्यावर लाटेक बांधलं. टेकच्या आवृत्तीचा नंबर गणितातल्या पायच्या (π) किमतीकडे सरकत जातो, ३.१४१५ असा, दर दुरुस्तीला एक आकडा वाढतो, बस. चूक सापडली तर कनुथ चेक पाठवायचे, २.५६ डॉलरचा, आणि लोक तो वठवायचेच नाहीत, फ्रेम करून लावायचे. टेक ओळ तोडताना एकेका ओळीचा विचार करत नाही, अख्खा परिच्छेद बघून ठरवतो. आमच्या पेपरांच्या अरुंद कॉलमात शब्दांच्या मध्ये जी भगदाडं पडतात ना, ती बघून मला हे फार आवडलं. आणि देवनागरी त्यात १९९१ पासून आहे, फ्रान्स वेल्टहाइस नावाच्या डच माणसाने आणली. डच माणसाने! आज झीटेक या टेकच्या नव्या रूपावर तर सरळ युनिकोड मराठी टाइप करा, चालतं.

पण माझ्या डोक्यात बसली ती दुसरी गोष्ट. भाचा म्हणाला, मावशी, १९९० ची लाटेकची फाइल मी आज उघडू शकतो, काही नाही तर वाचू तरी शकतो, ती साधी टेक्स्ट आहे. मी घरी येऊन कपाट उघडलं. एका देवस्थानची स्मरणिका, १९९७ ची, ११२ पानं, गावातल्या म्हाताऱ्यांनी सांगितलेल्या शिगम्याच्या चालीरीती, जुन्या नाटकांत कोणी कुठली स्त्रीपार्टं केली त्यांची नावं, मी रात्र-रात्र बसून टाइप केलेलं. सीडीवर आहे. पेजमेकरची फाइल, पेजमेकरच्या जागी आलेलं आजचं इनडिझाइन ती उघडत नाही. फॉन्ट ज्या सॉफ्टवेअरचा, त्याला मागे प्रिंटर पोर्टला लावायचं लॉक लागतं. सांगणारी बरीचशी माणसं आता नाहीत. छापील प्रती वाळवीने खाल्ल्या, दोन-तीन उरल्या असतील.

आता तुम्हाला एक मजेची गोष्ट सांगते, ऑफिसच्या कामाला तुच्छ समजणाऱ्या तुमच्या आयटीवाल्यांना ऐकवा. आज जगातले बहुतेक सर्व्हर ज्याच्या वंशावळीवर चालतात ते युनिक्स, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी मूळ सिस्टीम, त्याला बेल लॅब्ज या अमेरिकन टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत चांगलं मशीनच मिळत नव्हतं, वरचे लोक मंजूर करीनात. मग त्या पोरांनी शक्कल लढवली, आम्हाला मजकूर तयार करायची सिस्टीम करायचीय म्हणून अर्ज केला, आणि मशीन मंजूर! पहिलं गिऱ्हाईक कोण, तर तिथलं पेटंट खातं, टायपिस्ट बसून पेटंटचे अर्ज टाइप करतायत, ओळींना नंबर घातलेले. १९७१ ची गोष्ट. त्यांचा तो रॉफ नावाचा प्रोग्राम आणि त्याच्याही आधी १९६४ मध्ये एमआयटीत जेरोम सॉल्टझरने केलेला रनऑफ, दोन्हींत हेच, की मजकूर साधा ठेवा, दिसायचं कसं ते खुणेने सांगा. म्हणजे सरकारी छापाचे अर्ज टाइप करण्याच्या कामातून हे सगळं वाढलं, आणि आपण मात्र अर्ज टाइप करून त्याचा फोटो काढतोय.

म्हणून साहेब, मागणी एकच आहे, पण ती नीट ऐका. मराठी-कोंकणीतला कुठलाही सरकारी कागद वेबसाइटवर जाईल तो युनिकोडमध्ये टाइप झालेला आणि त्याच फाइलीतून थेट काढलेला. प्रिंट-सही-स्कॅन हे बंद. सहीचं निमित्त सांगू नका, डिजिटल सहीला माहिती तंत्रज्ञान कायद्याने २००० सालीच मान्यता दिलीय. पीडीएफलाही दोष देऊ नका, पीडीएफ १९९३ चं, त्यात टेक्स्ट टेक्स्टच राहू शकतो, जपून ठेवायचे कागद असतील तर पीडीएफ-ए म्हणून २००५ पासून वेगळा प्रकारसुद्धा आहे. तुम्ही त्यात फोटो भरला तर ते बिचारं काय करणार? माहितीचा अधिकार कायदा, कलम ४, त्यात रेकॉर्ड सूची करून कॉम्प्युटरवर आणा असं लिहिलंय, आणि ज्यात शोधताच येत नाही त्याला मी तरी रेकॉर्ड म्हणणार नाही, अडगळ म्हणेन. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही ते स्क्रीन रीडरवर ऐकतात, त्यांना तुमची ती १४ पानं म्हणजे १४ कोरे कागद.

१९८७ च्या राजभाषा कायद्याने कोंकणी राजभाषा आणि मराठीही सरकारी कामाला, यावरून आपल्याकडे काय रामायण होतं ते मी सांगायला नको. मला त्यात पडायचं नाही. सरकारी कागदावर दोन्ही देवनागरीत येतात आणि दोन्ही एकाच स्कॅनरखाली चिरडल्या जातात, या बाबतीत तरी एकी आहे.

आणि जमलं तर अजून एक. माझ्यासारखे जुने डीटीपीवाले फोंड्याला, मडगावला, डिचोलीला, सगळीकडे आहेत, प्रत्येकाच्या कपाटात अशा सीड्या, फ्लॉप्या पडल्यात, स्मरणिका, मासिकं, नाटकांच्या संहिता. कोणत्या फॉन्टमधली कुठली खूण म्हणजे कुठलं अक्षर हे आमच्या बोटांना माहीत आहे, कन्व्हर्टर चालवले तरी रफार आणि जोडाक्षरं चुकतात, ती आम्हीच ओळखू. बाबांना केसीतला श्र माहीत होता तसंच. राज्य मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ पासूनचं, देशातलं सगळ्यात जुनं सार्वजनिक ग्रंथालय म्हणून आपण मिरवतो, तर तिथे एक खोली, दोन जुनी मशीनं आणि आमच्यापैकी चार-पाच जणांना बसायला खुर्च्या एवढं केलं तरी पुष्कळ. मानधनाचं नंतर बोलू, चहा मात्र लागेल.

माझं विंडोज ९८ वालं मशीन अजून चालू आहे, लॉकही जागेवर आहे. पावसाळ्यात हवा दमट झाली की सुरू व्हायला कुरकुरतं, गेल्या जुलैत तर आठवडाभर उठलंच नव्हतं. कोणाला पाठवायचं असेल तर मे संपायच्या आत पाठवा, शनिवारी दुपारी एकला दुकान बंद होतं.

आपली,
एक डीटीपीवाली, म्हापसा